दोन हजार आठशे वाद्यं आणि एक साडू

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७

आजपासून रोजनिशी. कारण: साडू.

काल संध्याकाळी साडू आणि मोठी मेहुणी जेवायला आले होते. जेवणानंतर मी माझी धून ऐकवली. लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागातली नोकरी सांभाळून, पाच महिने लॅपटॉपवर घाम गाळून केलेली धून. सव्वा मिनिटाची आहे. पूर्ण नाही, पण दिशा कळते. साडूने डोळे मिटून ऐकली. मला वाटलं, गार झाला. डोळे उघडून म्हणाला की छान आहे, तुमच्या लिफ्टमध्ये लावा, कोणी अडकलं तर तेवढाच आधार.

सगळे हसले. बायकोसुद्धा. नंतर म्हणाली की मी हसले नाही, मला ठसका लागला. ठसका लागलेलं माणूस टेबलावर हात आपटत नाही.

साडू की-बोर्डचे क्लास घेतो. वीस वर्षं. त्यामुळे फुकट सल्ले द्यायचा परवाना आपल्यालाच मिळालाय असं त्याला वाटतं. चपला घालता घालता म्हणाला की सॉफ्टवेअरबरोबर जो साधा पियानो येतो तेवढाच वापरा, एक तरी धून पुरी करा, बाकीचं मग बघा. मी हो हो म्हटलं. दार लावलं. दोन मिनिटं दाराकडे बघत उभा होतो.

(समोर मी त्याला अहो-जाहो करतो. वहीत एकेरी. वही माझी आहे.)

संकल्प: साडूची जिरवणे. तारीख नंतर ठरवू.

५ ऑगस्ट, मंगळवार. ऑफिस, लंच टाइम

दोष माझा नाही. सिद्ध झालं. माझ्याकडे वाद्यंच बारा आहेत, सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेली. आणि बाजारात एक महाबंडल आहे, त्यात २,८१४! छप्पन्न तऱ्हेची व्हायोलिनं. एक्केचाळीस पियानो. अख्खा कोरस. ओल्या काचेवर बोट घासल्याचा आवाज, तोही तीन प्रकारांत. बारा वाद्यांत मी सव्वा मिनिटापर्यंत पोचलो. २,८१४ मध्ये कुठवर जाईन, विचार करूनच अंगावर काटा आला.

नवशिक्याला हे बंडल लागतं का, यावर चौतीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. बाविसाव्या मिनिटाला तो माणूस म्हणाला की बहुतेक नवशिक्यांना लागत नाही. बंद केला. मी ‘बहुतेक’मध्ये येत नाही.

मध्येच एका बाईंचा फोन. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकल्या होत्या. मेकॅनिक पाठवतो म्हटलं, घाबरू नका म्हटलं. त्यांनी विचारलं की मागे व्हायोलिन कसलं वाजतंय. चला, एक श्रोता तरी मिळाला.

९ ऑगस्ट, शनिवार

वाद्यांच्या दुकानात जाऊन आलो. सेल्समनला महाबंडलबद्दल विचारलं. त्याने मलाच विचारलं की आतापर्यंत किती गाणी पुरी केली. मी म्हटलं, संख्येला महत्त्व नाही. तो म्हणाला की मग सध्या नका घेऊ. म्हणजे दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो नका घेऊ! ही कसली विक्री? एवढं काय पाहिलं त्याने माझ्यात?

यादी आता दोघांची:
१. साडू
२. सेल्समन (लाल चष्मा)

दोघांचे दात घशात घालणार. क्रमाने.

१० ऑगस्ट, रविवार

तारीख ठरली. नशिबानेच ठरवली.

सासरे ७ सप्टेंबरला पंच्याहत्तर वर्षांचे होतायत. छोटा हॉल, घरची चाळीस माणसं. मोठी मेहुणी त्यांच्या फोटोंची फिल्म करतेय, सव्वातीन मिनिटांची. तिला संगीत हवं. सासूबाई म्हणाल्या की ह्यांना सोसेल असंच काहीतरी करा. सासऱ्यांना कमी ऐकू येतं आणि कानातल्या यंत्रातून सगळा कालवा होतो. कुठल्याही समारंभात गाणं लागलं की ते यंत्र काढून खिशात ठेवतात आणि हसऱ्या चेहऱ्याने भिंतीकडे बघत बसतात. धाकट्या नातीच्या स्नेहसंमेलनातही तसेच बसले होते.

सगळ्यांच्या माना साडूकडे वळल्या. तेवढ्यात बायको म्हणाली की नाही, हे करतील. मीच चमकलो. मोठ्या मेहुणीने विचारलं, नक्की ना? बायको म्हणाली, माझ्या बाबांचं काम आहे, ते करणारच.

येताना वाटेत म्हणाली की मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, मला तोंडघशी पाडू नका. लग्नाला सतरा वर्षं झाली, तिने माझ्यावर अशी पैज कधी लावली नव्हती. लगेच साडूचा चेहरा आठवला आणि बरं वाटलं.

प्लॅन: हॉलमध्ये साडूला डाव्या स्पीकरजवळची खुर्ची. संगीत संपलं की शांतता. मग मी जाऊन हळूच विचारणार, काय, लावू का लिफ्टमध्ये? आरशासमोर बारा वेळा म्हणून पाहिलं. ‘काय’नंतर थोडं थांबायचं.

१३ ऑगस्ट, बुधवार

महाबंडलच्या सेलचा शेवटचा दिवस. भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही म्हणून कागदावर दोन रकाने केले.

घेऊ नये, कारण: आहेत ती बारा वाद्यं नीट वापरलेली नाहीत. लॅपटॉप जुना. जागा नाही. वेळ नाही.

घ्यावं, कारण: साडू.

घेतलं.

किमतीचा आकडा इथे लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सेलची मुदत वाढवली. वर एक हेडफोन फुकट. कंपनीचं नाव यादीत तिसरं.

१८ ऑगस्ट, सोमवार

डाउनलोड चालू आहे. पाचवा दिवस. एकसष्ट टक्के. घरात बाकी कुणी इंटरनेट वापरायचं नाही असा नियम केलाय. बायकोने फोटोंची फिल्म बघायला मागितली तेव्हा मी शुक्रवारी बघ म्हटलं. ती काही बोलली नाही. हल्ली काही बोलत नाही ती. बहुधा कौतुकाने.

लॅपटॉपमध्ये जागा करण्यासाठी तिचे चार वर्षांचे व्यायामाचे व्हिडिओ उडवले. ती ते बघत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बघत होती.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपार

बंडल बसलं! २,८१४ वाद्यं माझ्या घरात. राज्याभिषेक झाल्यासारखं वाटतंय.

आज नुसती नावं वाचली. ‘डोंगरावरची पहाट’ नावाच्या वाद्यावर एकच बोट ठेवलं तर आपोआप अकरा सेकंदांचं संगीत वाजतं. दुसरं बोट ठेवायची गरजच नाही. साडू वीस वर्षं लोकांना दहा बोटं शिकवतोय. बिचारा.

पियानो मात्र ठरत नाहीये. एक्केचाळीस आहेत. तेविसावा पहिल्यासारखाच वाटतो, पण गंभीर. तूर्तास फुकटचाच पियानो ठेवलाय. त्याच्यावर चाल बसवून टाकली, तास-दीड तासात झाली, साधीच आहे. नंतर बदलू.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. पहाटे साडेपाच

रोज पहाटे उठतो. एक-एक वाद्य उघडायला चार मिनिटं लागतात. आतापर्यंत अठ्ठावन्न वाद्यं एकावर एक चढवलीत. लॅपटॉपचा पंखा इतका ओरडतो की खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन विचारलं, तुमच्याकडे पीठ दळता का. यादीत चौथे.

बायकोने विचारलं की बाबांना एवढं सगळं ऐकू येईल का. मी म्हटलं, साडूला येईल. ती म्हणाली की वाढदिवस कुणाचा आहे? हा प्रश्न मुद्द्याला सोडून होता, म्हणून उत्तर दिलं नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

शहाण्णव वाद्यं. दीड मिनिटावर कोरस येतो, दोन मिनिटांवर नगारे, तीनवर सगळंच. पूर्ण कधी ऐकलेलं नाही, कारण चाळीस सेकंदांनी लॅपटॉप गोठतो. पण तुकड्या-तुकड्याने ऐकलंय आणि प्रत्येक तुकडा जबरदस्त आहे.

आज ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एका गृहस्थांची तक्रार आली होती. ते लिफ्टमध्ये अडकलेले असताना मी त्यांना विचारलं म्हणे, की नगारे आधी यावेत का कोरस. खरं आहे. त्यांनी कोरस म्हणून सांगितलं होतं. चांगला माणूस.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ११

झालं! फाइल तयार!

पहाटे पियानोत एक सूर चुकलाय असं लक्षात आलं. शहाण्णवच्या गर्दीत तो एकटा कसा ऐकणार? पण सॉफ्टवेअरमध्ये सोलो म्हणून बटण असतं. ते दाबलं की तेवढं एकच वाद्य वाजतं, बाकीची गप्प बसतात. ते दाबून सूर दुरुस्त केला. लगेच फाइल काढायला लावली. गंमत म्हणजे लॅपटॉप एकदाही गोठला नाही, दोन मिनिटांत फाइल हातात! यंत्रालासुद्धा कळतं, आज काय दिवस आहे.

पहिली दहा सेकंदं ऐकली. सुरुवातीला नुसता पियानो आहे, तो बरोबर वाजतोय. पुढचं ऐकायला वेळ नव्हता, शर्टला इस्त्री करायची होती. मोठ्या मेहुणीला फाइल पाठवली, तिने फिल्मला जोडली.

डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीवर साडूच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचीय. आज माझा दिवस आहे.

७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी ७

काय लिहू?

अंधार केला. फिल्म लागली. सासऱ्यांचा हाफपँटमधला फोटो. पियानो. मी साडूकडे बघत होतो. सासऱ्यांचा हात सवयीने कानाकडे गेला. दहा सेकंदं झाली, वीस झाली, व्हायोलिनं आली नाहीत. मला वाटलं, स्पीकर बिघडला. दीड मिनिट झालं, कोरस नाही. दोन मिनिटांवर सासरे आपल्या पहिल्या सायकलवर बसले होते, तिथे नगाऱ्यांचा कडकडाट व्हायचा होता. टुंग. टुंग टुंग. नुसता तोच पियानो.

सोलो! बटण तसंच राहिलं होतं. पंचाण्णव वाद्यं गप्प. बायकोकडे बघायची हिंमत होईना. ह्या एका दिवसासाठी तिने शब्द दिला होता, आणि मी तिला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलं होतं. पहिल्यांदाच साडूचा विसर पडला.

दिवे लागले. सासऱ्यांचं यंत्र कानातच होतं. डोळे पुसत म्हणाले की पुन्हा लावा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं मला. बायकोने चाळीस माणसांत माझा हात धरला. सोडेचना.

इथवर ठीक होतं. ह्याच्यावर मी आयुष्य काढलं असतं.

मग साडू उठला. सरळ माझ्याकडे आला आणि मला मिठी मारली. वर पाठही थोपटली नालायकाने. सगळ्यांना म्हणाला की महिन्यापूर्वी मी ह्यांना सांगितलं होतं, एक साधा पियानो घ्या, तेवढ्यात एक धून पुरी करा. असले सल्ले मी शंभर जणांना दिले, ऐकणारा हा एकच निघाला. मोठ्या कंपन्यांची बंडलं घेऊन लोक पैशापरी पैसे घालवतात, ह्या माणसाकडे केवढा संयम! टाळ्या. सासूबाईंनी केकचा पहिला तुकडा मला आणि दुसरा साडूला दिला, गुरू म्हणून.

मला ओरडून सांगायचं होतं की मी तुझं काही ऐकलेलं नाही! माझ्याकडे कोरस आहे! शहाण्णव वाद्यं होती आत! पण बायको बघत होती. खरं सांगितलं असतं तर तो चमत्कार नव्हता, गफलत होती, हेही सांगावं लागलं असतं. आणि तिचा हात अजून माझ्या हातात होता.

मी म्हटलं, तुमचंच मार्गदर्शन.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. चाळीस साक्षीदार आहेत.

साडू म्हणाला की मग दर रविवारी क्लासला या, फी नको. बायको म्हणाली, येतील.

१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी १

क्लासला जाऊन आलो. नवशिक्यांची बॅच. मला धरून पाच जण. बाकीच्या चौघांचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकत नाहीत. त्यांचा डावा हात सुरू झालाय. माझा पुढच्या महिन्यात बघू, म्हणाला साडू.