अठ्ठावन्न किलोंचा गोणीराव

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (वाकून केला आहे. पाठीची हकीकत पुढे येईल.) पत्राला कारण आहे, पण ते इतक्यात सांगत नाही. तुझा गुडघा कसा आहे? बाबांना सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसवतेस ना अजून? ऑपरेशन बारा तारखेला ठरलं, पुढे सहा आठवडे तुला बाबांना उचलता येणार नाही, तेव्हा 'कोणीतरी' यायला हवं, असं तू फोनवर तीनदा सांगितलंस आणि तीनही वेळा मी 'बघतो' म्हणालो. तो 'कोणीतरी' कोण, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. पण फोनवर तू जेवलास का विचारतेस, मी हो म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून हे पत्र.

आता नमनाला घडाभर तेल गेलंच आहे, तर आणखी पळीभर. मी नक्की काय करतो हे तुम्हाला घरी कधी धड सांगितलं नाही. (बाबा अजून लोकांना सांगतात की मुलगा खेळणी बनवतो, आणि ते फारसं चूकही नाही.) पहिली पाच वर्षं मी एका छोट्या गाडीवर एक काठी उभी ठेवायला शिकलो. काठी कलली की गाडी त्या बाजूला सरकायची आणि काठी सावरायची. आई ते बघून म्हणाली होती, अरे, हाताने धर की. त्या काठीवर मला डॉक्टरेट मिळाली. आमच्या सगळ्या शास्त्राचं सार एवढंच, की चूक किती झाली ते मोजायचं, ताबडतोब सावरायचं, परत मोजायचं. यातला 'ताबडतोब' फार महत्त्वाचा. सावरायला उशीर झाला तर काठी आणखी जोरात डोलते आणि पडते. हे मी अठरा वर्षं वर्गात शिकवतोय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेली तीन वर्षं मात्र काम मोठं आहे. अंथरुणातल्या माणसाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणारं मशीन. दोन जाडजूड हात, त्यांवर मऊ गाद्या, गाद्यांत भार ओळखणारे सेन्सर. सरावासाठी आम्ही वाळू भरून एक माणूस शिवून घेतला, त्याचं नाव गोणीराव. वजन अठ्ठावन्न किलो. मशीनने गोणीरावाला तीन हजार वेळा उचललं आणि एकदाही पाडलं नाही. मी त्यावर चार शोधनिबंध लिहिले. गोणीरावाची कसलीच तक्रार नव्हती.

मागच्या मंगळवारी पुढचा निधी ठरवणारी समिती आली. गोणीराव झोकात उचलला गेला. मग समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, जिवंत माणूस उचलतं का? माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना एकाएकी महत्त्वाचे फोन आले. शेवटी मीच पलंगावर आडवा झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मशीनचे हात पाठीखाली आणि गुडघ्यांखाली आले, पलंग सुटला, आणि ताई, मी घाबरलो. खरंच घाबरलो. स्वतः बनवलेल्या मशीनला दोन्ही हातांनी घट्ट पकडून अंग ताठ केलं. आता, अनपेक्षित ताण जाणवला तर जिथे आहेस तिथेच थांब, हा नियम मीच लिहिलेला. मशीन थांबलं. भार दहा सेकंद स्थिर राहिला तरच खाली ठेव, हाही नियम माझाच. गोणीराव दहा सेकंद काय, दहा वर्षं स्थिर राहील. मी थरथरत होतो. आठपर्यंत मोजणी जायची आणि पुन्हा एकपासून. एकदा तर नवावर शिंक आली. समितीने काहीबाही लिहून घेतलं आणि ती जेवायला गेली. साहेबही त्यांच्यामागे गेले. (साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख.) मी कंबरेत वाकून, पाठ भरून आलेली, असा पाऊण तास त्रिशंकू.

तेवढ्यात फरशी पुसायला मावशी आल्या. त्यांनी मला बघितलं, पण हसल्या नाहीत. फडकं बादलीत टाकलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "साहेब, आता मी पाठीला हात लावते हं." मग लावला. मग नुसत्याच थांबल्या. "धरलंय मी. अंग सोडा." आणि माझं अंग सुटलं. मशीनने दहा मोजले आणि मला अलगद खाली ठेवलं. मावशींनी नऊ वर्षं सासूचं अंथरुणातलं सगळं केलंय. म्हणाल्या, आधी सांगायचं, मग हात लावायचा, मग थांबायचं. माणूस निम्मा स्वतःच उचलला जातो. तीन वर्षांत आम्ही मशीनला आधी सांगायला आणि हात लावून मग थांबायला शिकवलं नव्हतं. वाळूला सांगून काय करायचं!

तेव्हा मला आठवलं. फोनवर बोलता बोलता तू मध्येच म्हणतेस, "चला बाबा, धरलंय हं मी." चार वर्षं मी ते ऐकतोय. मला वाटायचं, तुला फोन ठेवायची घाई आहे.

असो. समितीचा निकाल यायचा आहे, चांगला येईल असं वाटत नाही. दाजींना नमस्कार सांग. माझी पाठ शेकाने बरी होतेय.

तुझा,
धाकटा

ता. क. रजा मंजूर झाली, दोन महिन्यांची. आठ तारखेला पोचतो. मशीन आणत नाही, त्यालाच उचलायला चार माणसं लागतात. तुझ्या ऑपरेशनआधीचे चार दिवस मला शिकव. चुकलो तर तिथल्या तिथे बोल, उशीर करू नकोस.

ता. क. आणखी एक. मागच्या वर्षी मी बाबांचं वजन विचारलं, तेव्हा तुला फार बरं वाटलं होतं. तू त्यांना मुद्दाम काट्यावर धरून उभं केलंस आणि उलट फोन करून कळवलंस, अठ्ठावन्न. ताई, मला गोणीत वाळू किती भरायची ते ठरवायचं होतं. हे तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

ता. क. शेवटचं, आणि पत्राचं कारण हेच. चार वर्षांत मी बाबांना एकदाही हात लावून उठवलेलं नाही. आलो की दारातूनच नमस्कार करतो आणि खुर्ची लांब ओढून बसतो. मला भीती वाटते की मी उचलायला गेलो तर ते माझ्यासारखेच ताठ होतील. तेव्हा माझं एक काम कर. मी यायच्या आधी त्यांना सांगून ठेव, की आठवडाभराने तुमच्या पाठीला धाकट्याचा हात लागणार आहे.