मोठ्या जावयाचं कपाट

४ जानेवारी, शनिवार
नव्या वर्षाचे संकल्प. एक, रोजनिशी लिहिणे. दोन, कुणाशीही स्वतःची तुलना न करणे. दुसरा मला जड जाणार नाही. मी मुळात समाधानी माणूस आहे.

आज भाग्यश्री वेताच्या जाळीची गुंडाळी घेऊन आली. जुन्या खुर्च्यांच्या पाठीला असते तसली विणलेली जाळी. म्हणाली, आपलं हॉलमधलं पांढरं कपाट दवाखान्यातल्यासारखं दिसतं, त्याच्या दारांना ही लावते. मी शांतपणे समजावलं. हे कपाट ऑनलाइन सेलमध्ये मी स्वतः निवडलंय. तिच्या धाकट्या बहिणीने, वाशीच्या रुतिकाने, आपलं बघूनच सेम टू सेम मागवलं. चांगल्या वस्तूला कुणी ठिगळं लावतं का? जाळी परत करून टाक म्हटलं. काही बोलली नाही. पटलं असावं.

११ जानेवारी, शनिवार
भाग्यश्री दिवसभर रुतिकाकडे. रात्री जेवताना तिथलं काहीतरी लांबलचक सांगत होती. मी मोबाईल बघता बघता हं, हं करत सगळं ऐकून घेतलं. बायकोचं ऐकून घेणारे नवरे कमी असतात. तिच्या दोन बोटांना पट्टी होती. विळी लागली असणार. रुतिकाच्या घरात एक वस्तू धड नाही.

१८ जानेवारी, शनिवार
भाग्यश्री पुन्हा वाशीला. आज तिसऱ्या बोटाला पट्टी. त्या विळीचं काहीतरी केलं पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार
रुतिकाकडे जेवायला गेलो. दारातून आत शिरलो तर समोर कपाट. आमचंच कपाट. म्हणजे तेच, सेलमधलं. पण दोन्ही दारांवर वेताची जाळी, कडेने लाकडी पट्टी, पितळी मुठी. कुणी सांगितलं असतं की परदेशातून मागवलंय, तर मी मान डोलावली असती.

भाग्यश्री चार पावलं मागे गेली, मान तिरकी केली आणि कपाटाकडे बघत राहिली. डोळे असे भरून. आमच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तिने माझ्याकडे असं बघितल्याचा एकही फोटो नाही.

मी जळलो. (ही तुलना नाही, नोंद आहे.)

प्रणयला, म्हणजे रुतिकाच्या नवऱ्याला, माझ्या साडूला, सहज विचारलं, कसं केलंस रे? तो म्हणाला, दादा, मला त्यातलं काय कळत नाय, मी फक्त पकडून उभा होतो. किती आतल्या गाठीचा माणूस! स्वतः करायचं आणि वर विनय दाखवायचा. भाग्यश्री मध्ये काहीतरी सांगायला गेली. मी तिला थांबवलं. म्हटलं, त्याची बाजू तू कशाला घेतेस? रुतिका हसत आत गेली. नवऱ्याचा अभिमान, दुसरं काय.

जेवताना विषय निघाला प्रितेशच्या केळवणाचा. प्रितेश हा या दोघींचा धाकटा भाऊ, फेब्रुवारीत लग्न; तोही जेवायला आला होता. सुट्टीचे रविवार थोडेच उरलेत, म्हणून दोघी बहिणींनी मिळून एकच केळवण करायचं ठरलं. कुणाच्या घरी, ते सासूबाई ठरवणार. मी म्हटलं, यात ठरवायचं काय? मोठा जावई मी. प्रितेश म्हणाला, भावोजी, बरोबर हाय, पण फोटोला बॅकग्राउंडपन बघायला लागेल ना. आणि त्याने बघितलं कुठे, तर कपाटाकडे.

२० जानेवारी, सोमवार
निर्णय पक्का. आमचं कपाट प्रणयच्या कपाटापेक्षा सरस करायचं, सासूबाई बघायला यायच्या आत. ऑफिसात एवढी मोठी टीम सांभाळतो, एक जाळी सांभाळता येणार नाही? भाग्यश्रीला काही सांगायचं नाही. तिची ती तिरकी मान या घरात बघायची आहे.

लंचमध्ये केन वेबिंगचे, म्हणजे वेताची जाळी बसवायचे, व्हिडिओ बघितले. सगळे फास्ट फॉरवर्डमध्ये. वेळ वाचतो.

२३ जानेवारी, गुरुवार
सरावासाठी स्टूल घेतलं. चारी पायांना सुतळी गुंडाळली, बसायच्या जागेवर गोणपाट ताणून चिकटवलं. सगळं नैसर्गिक. दाराबाहेर वाळत ठेवलं. शेजारच्या नामदेवकाकांनी विचारलं, पार्सल कुठे पाठवताय? काकांची नजर आता अधू झालीय.

भाग्यश्रीने स्टुलाकडे बघितलं. मान सरळच होती.

२५ जानेवारी, शनिवार
भाग्यश्री लग्नाच्या खरेदीला रुतिकाबरोबर. मी वाशीच्या मार्केटमधून वेताची जाळी आणली. दुकानदार काहीतरी सूचना देत होता, पण मला घाई होती.

नशीब बघा. घरी येऊन माळ्यावर टेप शोधत होतो, तर एका पिशवीत स्टेपल गन सापडली. नवीकोरी. पिनांच्या डबीसकट. फ्लॅटच्या आधीच्या मालकाची राहिली असणार. इतकी वर्षं माळ्यावर पडून आहे, पण गंजाचा ठिपका नाही. पूर्वीच्या वस्तूच वेगळ्या.

२६ जानेवारी, रविवार
भाग्यश्री माहेरी, घणसोली गावात. झेंडावंदन करून कामाला लागलो. कपाटाची दारं काढून जाळी ठोकली. तासाभरात दोन्ही दारं तयार! प्रणयला किती दिवस लागले असतील कोण जाणे.

संध्याकाळी जाळी थोडी सैल वाटली. मध्ये पोट सुटल्यासारखी. कदाचित ती स्थिरावत असेल.

२७ जानेवारी, सोमवार
स्थिरावली नाही. पोट वाढलं. काही पिनाही बाहेर आल्यात. भाग्यश्रीने कपाट बघितलं, जाळीला बोट लावलं आणि विचारलं, भिजवली नव्हती का? वेत आधी पाण्यात भिजवायचा, ओला असताना ताणून ठोकायचा, वाळला की आपोआप घट्ट बसतो. मी म्हटलं, ते माहीत आहे मला. हे तिला कुठून कळलं? नक्की प्रणयने सांगितलं. मला सांगायला मात्र त्याला काय कळत नाय.

झोप नीट लागली नाही. माझ्या घरात, माझ्या जाळीला, साडूची अक्कल.

१ फेब्रुवारी, शनिवार
भाग्यश्री पत्रिका वाटायला गेली. जाळी भिजवायला हवी, पण ती तर दाराला ठोकलेली. पिना उपसत बसणं हे कमी बुद्धीच्या माणसाचं काम. मी सरळ दारंच भिजवली. जाळीसकट. बाथरूममधल्या टबात, अर्धी एका बाजूने, अर्धी दुसऱ्या बाजूने. मग उन्हात उभी केली. असं करताना एकाही व्हिडिओत कुणी दिसलं नाही. नव्या कल्पना अशाच सुचतात.

२ फेब्रुवारी, रविवार
जाळी खरंच घट्ट बसली. मानलं!

दारं मात्र फुगली. आतून भुसा दिसतोय, कडा पावासारख्या वर आल्यात. एक दार बसतच नाही, दुसरं बसलं तर उघडत नाही. दोष बोर्डाचा. हल्ली पाण्यात टिकेल असं काही बनवतच नाहीत.

भाग्यश्रीने फुगलेल्या कडेवरचा भुसा बोटाने झाडला. मग म्हणाली, अहो, मला एकदा विचारायचंत तरी. मी म्हटलं, तुला सरप्राइज द्यायचं होतं. ती म्हणाली, दिलंत.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मुद्दाम हाफ डे टाकला. सासूबाई जागा बघायला आल्या. मी कपाटापुढे सुतळीचं स्टूल ठेवलं, त्यावर फुलदाणी. सासूबाईंनी फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. घणसोलीत मासळीच्या पाट्या निवडण्यात उभं आयुष्य गेलेली बाई, वरच्या थरावर समाधान मानत नाही. म्हणाल्या, जावय, या कपाटाला पानी लागला का काय? कवरा फुगलाय! दाराला हात लावला, तर दार त्यांच्या हातात आलं.

केळवण वाशीला.

मी म्हटलं, काही हरकत नाही, तेवढाच आपला त्रास वाचला. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मोठ्या जावयाचा मान एका कपाटावर गेला. तोही त्याच सेलमधल्या कपाटावर.

९ फेब्रुवारी, रविवार
केळवण झालं. सविस्तर लिहायची इच्छा नाही, पण संकल्प आहे.

प्रितेश आणि त्याची होणारी बायको पाटावर, पुढे केळीची पानं, मागे कपाट. फोटोवर फोटो. सासूबाईंची नणंद राजाबाई कपाटावर हात फिरवून म्हणाली, कनी केला गो? मी तयारीत होतो. प्रणय फुशारकी मारायला लागला की हसत हसत म्हणायचं होतं, कारागीर घरी बोलावला होतास ना?

प्रणय उभा राहिला. म्हणाला, भाग्यश्रीताईने केलंय. दोन शनिवार बसली होती. जाळीपन तिचीच. मी फक्त दुसरं टोक पकडून उभा होतो, दादाला तर मी तवाच सांगितलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा. राजाबाई माझ्याकडे वळून म्हणाली, जावय, मंग तुमच्या घरान तर सगला असाच असंल! मी मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावला आणि रिकामा झाल्यावरही तसाच धरून ठेवला.

घरी परत येताना भाग्यश्रीला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं. पहिल्याच शनिवारी, जेवताना. जाळी परत नाही केली, रुतिकाच्या कपाटाला लावतेय म्हणून सांगितलं. तिच्या घरी सांगायला गेले तर तुम्ही गप्प केलंत. मी म्हटलं, असं कसं होईल, मी तुझं नेहमी ऐकतो.

ती म्हणाली, हं.

१० फेब्रुवारी, सोमवार
स्टेपल गन आधीच्या मालकाची नव्हती.

ऑफिसात लक्ष नव्हतं. इतके दिवस मी प्रणयवर जळत होतो, ते फुकट गेलं. आता कुणावर जळायचं? बायकोवर कसं जळणार? प्रयत्न करून बघितला. जमत नाही, नुसतं वाईट वाटतं. ती जाळी पहिल्यांदा आमच्याच कपाटासाठी आली होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार
केळवणातले फोटो बघून भाग्यश्रीकडे कामं आली. राजाबाईंचं स्टूल, प्रितेशच्या सासरचं शोकेस, आणखी कुणाकुणाचं. मी विचारलं, आपल्या कपाटाचं काय? म्हणाली, नवी दारं करून घ्यावी लागतील, सगळ्यांचं झालं की बघू. म्हणजे आम्ही शेवटी. मोठा जावई असून.

आज तिने राजाबाईंच्या स्टुलापासून हॉलमध्येच सुरुवात केली. जाळी ताणून धरायला दुसरा माणूस लागतो. मी पुढे झालो. ती म्हणाली, नक्की? प्रणय छान धरायचा. मध्ये बोलायचा नाही.

धरली. एक शब्द बोललो नाही. ती मधून सुरुवात करून कडेकडेला पिना मारत गेली, जिभेचं टोक ओठाबाहेर. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं की काम करताना तिची जीभ बाहेर येते. प्रणयला माहीत असणार. पुन्हा थोडा जळलो.

मग वीण सरळ आली का बघायला ती चार पावलं मागे गेली. मान तिरकी केली. तेच डोळे, वाशीला बघितले होते तेच. स्टुलाकडे बघत होती. मी स्टुलाच्या अगदी मागे, ओली जाळी धरून. नजर थोडी वर आली असती तर मीच होतो.

राहवलं नाही. विचारलं, प्रणयपेक्षा बरी धरलीय ना?

म्हणाली, बोलू नका, सैल पडते.