शकुआत्यासाठी दोन प्लॅन

मुलुंड,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय शकुआत्या,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत. तुझे तिळाचे लाडू विकीने आणून दिले, निम्मे त्यानेच वाटेत संपवले. फोनवर मी हॉस्पिटलचं नाव काढलं की तू 'कुकर लावलाय' म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. तुझ्या लेकाला, विकीलाच, बजावून सांगितलंय, आईचं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही.

आधी आनंदाची बातमी. माझा पहिला रेडिएशनचा प्लॅन पास झाला! आत्या, मला वेड लागायचं बाकी आहे. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला. रेसिडेन्सीला लागल्यापासून नुसती मशीन तपासत होते. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी किरण बरोबर येतायत ना ते मोजायचं आणि सरांची बोलणी खायची. आता खरा पेशंट, खरा प्लॅन. किरण कुठे आणि किती द्यायचे ते डॉक्टर सांगतात. ते कुठल्या बाजूने आणायचे आणि आजूबाजूचं काय वाचवायचं, ते आम्ही फिजिसिस्ट बसवतो.

केस डाव्या छातीची, ऑपरेशन झालेली. तिथे लगेच खाली हृदय. पण पेशंटने छाती भरून श्वास रोखला की हृदय जरा लांब सरकतं, आणि तेवढ्यातच किरण सोडायचे. बहुतेकांना त्यासाठी सराव लागतो. या बाईंनी स्कॅनच्या वेळी पहिल्याच फटक्यात असा दम धरला की टेक्निशियन म्हणाला, मॅडम, आता सोडा. मी मनात म्हटलं, भांडुपच्या संघातून कबड्डीच्या चढाया केल्यात तिने, तुला काय ऐकतेय.

हो, तूच. दुसरं कोण?

स्कॅन करून गेलीस ती गेलीसच. संक्रांत झाली की बघू म्हणालीस. झाली संक्रांत. डॉक्टर स्पष्ट म्हणाल्या, आता आणखी थांबलं तर आजार परत डोकं वर काढू शकतो. आणि तू घरभर सांगत फिरतेस, 'माका भाजून घेवचा नाय.' मीही येडी, तेच खरं धरून तुला व्हिडिओ पाठवत बसले. परवा विकीने खरं काय ते सांगितलं. तू त्याला म्हणालीस, "पोरगी अजून शिकताहा. माझा काय वायट झाला तर ता तिच्या डोक्यावर जन्मभर बसतला."

मी आधी रडले, मग मला तुझा भयंकर राग आला. माझ्या डोक्याला त्रास नको म्हणून तू उपचार सोडणार? अगं, शिकणारीच्या एकटीच्या सहीवर इथे कुणी मशीन चालू करत नाही. प्लॅन सर तपासतात, डॉक्टर तपासतात, मग तो आधी प्लास्टिकच्या एका ठोकळ्यावर सोडून मोजतात. माणूस त्यानंतर.

तरी एक गोष्ट मी लपवली होती. तू माझी आत्या आहेस हे शिवदास सरांना बोललेच नव्हते. आडनाव वेगळं, कुणाला कळणार? काल सांगून टाकलं. जाम ओरडले. आपल्या माणसाचा प्लॅन आपण करायचा नसतो, एवढं कळत नाही का, म्हणाले. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता स्वतः पहिल्यापासून नवीन प्लॅन करायला बसले. मी बाहेर बाकावर. म्हटलं, वाट लागली.

आज दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितले, ठोकळ्यावर मोजले. आत्या, उन्नीस-बीसचा फरक! डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही चालतील. सर झकास वगैरे म्हणणाऱ्यातले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुठला द्यायचा ते आत्यांनाच विचार."

म्हणून विचारतेय. खोटं कशाला बोलू, माझा घेतलास तर मी हवेत असेन. जीव ओतलाय गं त्यात. पण मनात तसूभर जरी धास्ती असेल ना, तर सरांचा घे. माझा खोडून टाकू देत, मी तोंड पाडणार नाही. प्लॅन मला पुढे पुष्कळ मिळतील. आत्या एकच आहे.

कुठलाही घे, पण सोमवारी ये. मी गेटवर उभी आहे.

तुझीच, अजून शिकणारी,
श्रुतिका