लाल चिमटा आणि अर्धी मिशी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (वाकलो असं समजा. मिशीवर मलम आहे आणि वाकलं की ते ओघळतं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला गेला का? गेला नसला तरी गेला असंच कळवा, कारण मी सध्या इतका आनंदात आहे की वाईट बातमी झेपायची नाही.

मिशी अर्धीच उरली आहे आणि त्याला जबाबदार तुम्ही. मी सातवीत असताना हातात चुंबक देऊन तुम्हीच सांगितलंत ना, की सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात आणि विजातीय ओढतात? मी पडलो भाषेचा मास्तर. आमच्याकडे 'दोघं म्हणजे दोन ध्रुव' म्हटलं की जमायची आशा सोडायची असते. पण विज्ञानाचा शब्द मोठा, असं धरून चाललो आणि तिथेच माती खाल्ली.

माझ्या खोलीखाली बॅटरीचं दुकान आहे. ते मालकांची मुलगी चालवते. (हनुवटीवर ॲसिडचा बारीक डाग आहे. त्याला डाग म्हणणं जिवावर येतं.) तिला जिंकायचं तर तिच्या उलट व्हायचं, म्हणून मी चार महिने कंबर कसून होतो. ती बिनसाखरेचा चहा घेते, म्हणून मी तिच्यादेखत पाच चमचे घालून प्यायलो आणि वर जाऊन पोट धरून बसलो. तिला मांजरं आवडतात, तर मी मांजरांविरुद्ध बोललो (तेही मांजरासमोर). तिने दुकानाला निळा रंग द्यायचा म्हटलं, मी निळ्याला नाही नाही ती नावं ठेवली. आकर्षण काही दिसेना. उलट कळलं ते असं, की शुक्रवारी तिला बघायला कुणी इंजिनिअर येणार! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

म्हणून गुरुवारी दुपारी, ती आत जेवत असताना, निदान उपयोगी तरी पडावं म्हणून एका टेम्पोवाल्याची बॅटरी मीच चार्जिंगला लावली. चार्जरला दोन चिमटे, लाल नि काळा. बॅटरीला दोन टोकं, लाल खुणेचं प्लस नि काळ्या खुणेचं मायनस. आता विजातीय ओढतात म्हटल्यावर लाल चिमटा कुठे लावायचा, हे काय कुणाला विचारायचं? लावला मायनसला. मामा, असा बार उडाला की टेम्पोवाला टेम्पो तिथेच सोडून पळाला. फ्यूज गेला, चार्जर गेला, मिशीची डावी बाजू गेली.

ती उष्ट्या हातानेच धावत आली. आधी माझ्या तोंडावर ओलं फडकं दाबलं, मग झाडझाड झाडलं. "अहो मास्तर, चार्जिंगला लालला लाल, काळ्याला काळा! उलटं लावलं तर भरत नाही, जळतं!" मला रडूच फुटलं (भाजल्यामुळे नव्हे). सगळं ओकून टाकलं. साखर खोटी, मांजरं मला जीव की प्राण, निळा तर माझा लाडका रंग. ती पोट धरून हसली आणि म्हणाली की शुक्रवारच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवते.

तेव्हापासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत. दोन दिवसांत आमचा एकाही गोष्टीवरून मतभेद नाही! ती हो म्हणाली की मी हो, ती नाही म्हणाली की मी नाही. आहे की नाही गंमत?

मामीला नमस्कार.

तुमचा,
एका बाजूने देखणा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. पुढच्या रविवारी या आणि तिच्या वडिलांशी बोला. ते अबोल आहेत, तुम्ही बोलके. (हे जमेल की जळेल, ते मात्र मला विचारू नका.)

ता. क. मामा, नमस्कार. ही खालची बॅटरीवाली लिहितेय. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट उघडं होतं, वाचलं. चार महिने हे मी म्हणेन त्याच्या उलट बोलत होते, आता मी म्हणेन तेच बोलतात. सकाळी मी मुद्दाम म्हटलं, मला शाळामास्तर मुळीच आवडत नाहीत. म्हणाले, "मलाही." मामा, तुम्ही नक्की या. माझा होकार तयार आहे. फक्त तो नेमका कुणाला द्यायचा, ते ह्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाने सांगावं.