चारपैकी दोन चाके अद्याप न आल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
ला गार्सा तलाव उद्यान व तळ,
केब्राडा काउंटी, न्यू मेक्सिको

अर्जदार : कु. कोरा लिंडक्विस्ट, जागा क्र. २३, मेस्किट विभाग

विषय : आमच्या राहत्या ट्रेलरखाली सध्या एकही चाक नसल्यामुळे मुक्कामाची मुदत वाढवून मिळणेबाबत, तसेच १६ जून रोजी तळावरून गेलेल्या सर्व पाहुण्यांना आपल्या कार्यालयामार्फत एक संदेश पाठवणेबाबत.

संदर्भ : १) मंगळवार, दि. १८ जून रोजी आमच्या दारावर लावलेली आपली नोटीस.
२) कपडे धुण्याच्या खोलीजवळ रानडुकरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यातील छायाचित्रे पाहू द्यावीत, असा माझा दि. ११ जूनचा अर्ज. तो मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

महोदया,

आपल्या नोटिशीत तीन आक्षेप आहेत. आमचा मुक्काम मुदतीपेक्षा लांबला आहे. कपडे धुण्याच्या खोलीबाहेरच्या 'घ्या-ठेवा' फळीवर, म्हणजे नको ते ठेवायच्या आणि हवे ते न्यायच्या जागी, आम्ही वाहनाचे भाग ठेवले आहेत. आणि जागा क्र. २३ मधील एक तरुणी हातात बॅटरी घेऊन इतरांच्या ट्रेलरखाली आडवी पडलेली आढळली आहे. तिन्ही आक्षेप खरे आहेत. ती तरुणी मी. दंड माफ व्हावा म्हणून हा अर्ज करत नाही. या तळावरून गेलेल्या कुणाच्या तरी ट्रेलरखाली आज दोन वाईट चाके फिरत आहेत. ती चाके आमची होती आणि त्यांच्यावर चांगल्याची खूण मी केली होती. म्हणून हा अर्ज.

१. माझे वडील अर्विन लिंडक्विस्ट यांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्तीनंतर ते आणि माझी आई डोरीन यांनी हा ट्रेलर नवा घेतला. थांबा आला की उतरून प्रत्येक चाकावर तळहात ठेवायचा, ही वडिलांची बसच्या दिवसांपासूनची सवय. रॉसवेलहून इकडे येताना मागचे उजवे चाक त्यांना बाकीच्यांपेक्षा गरम लागले. मी याच वसंतात रबराच्या रसायनशास्त्राची पदवी घेतली असल्यामुळे मला साहजिकच कुतूहल वाटले. हवा चारही चाकांत सारखी होती, वजन सारखे होते, ब्रेकही घासत नव्हता. म्हणजे उष्णता टायरच्या आतून येत होती. ट्रेलरवर कारखान्यातून बसून येणाऱ्या टायरांना आम्हा फिरत्या लोकांत 'कारखान्यापासून दुकानापर्यंतचे टायर' म्हणतात, म्हणजे तेवढ्याच प्रवासापुरते, हे आपण जाणताच. आम्ही चारही चाके आणि स्टेपनी बदलायचे ठरवले. दि. ५ जून रोजी शहरातला टायरवाला जास्त ताकदीचे टायर रिमसकट घेऊन आला आणि ते इथेच बसवून गेला.

२. जुनी चार चाके, तीही रिमसकट, मागे राहिली. वडील काही फेकत नाहीत. जॅमच्या रिकाम्या बरण्यासुद्धा आमच्याबरोबर तीन राज्ये फिरून आल्या आहेत. ते मला म्हणाले, "पोरी, बघ तरी. टायरवरचे रबराचे केससुद्धा अजून गेले नाहीत. असलं फेकलं तर देव विचारेल." आई आतून म्हणाली, "विचारेल तेव्हा म्हणावं, आधी बरण्यांचं सांग." वडिलांनी ती चाके लोटत नेऊन फळीला टेकवून उभी केली. मी खडूने चारही टायरवर लिहिले, 'फक्त दोन हजार मैल चाललेले'.

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. आकडा मी मीटरवरून घेतला होता. ते वाक्य मी मागच्या उजव्या चाकावरही लिहिले. त्याच्या रिमवर फुटपाथला घासल्याची एक तिरपी खूण आहे, म्हणून ते मला इतरांपासून वेगळे ओळखता येत होते. ओळखूनच लिहिले. कुणाचा हलका ट्रेलर असेल, कुणी जवळच जाणार असेल, असे मी मनाशी म्हणाले. ज्या चाकांवर मी माझ्या आईला बसू दिले नसते, त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात एक हलका ट्रेलर तयार केला. असा ट्रेलर मी तळावर पाहिला नव्हता.

३. शनिवारी, दि. ८ रोजी, मांडवात सर्वांचे एकत्र जेवण होते. आपण स्वतः हिरव्या मिरचीचा रस्सा वाढत होतात. जेवण होऊन परतलो तेव्हा चाके गेली होती आणि त्यांच्या जागी घेवड्याची एक पिशवी होती. दाणे निवडलेले होते, एकही खडा नव्हता. आम्हाला आनंद झाला. सोमवारी दुपारी आम्ही तो घेवडा शिजवून खाल्ला. आईने दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर मला जुनी स्टेपनी आठवली. ती कधी रस्त्याला लागलीच नव्हती. आत काय असते ते पाहावे म्हणून मी ती करवतीने कापली. तारांचा पट्टा आणि त्यावरचे रबर यांची पकड इतकी कच्ची होती की, उकडलेल्या कणसाचे पान सुटावे तसा वरचा थर माझ्या दोन बोटांनी सुटला. पाचही टायरवर एकाच आठवड्याचा शिक्का आहे. उन्हात, वेगात असा थर सुटला की तो चाबकासारखा ट्रेलरच्या तळावर बसतो. आमच्यासारख्या बऱ्याच ट्रेलरांत स्वयंपाकाच्या गॅसची नळी तिथूनच जाते.

४. यापुढे मी जे केले ते घाईने केले. संध्याकाळी मांडवात लोक पत्ते खेळत असताना मी बाकावर उभी राहून मोठ्याने विचारले, "फळीवरची चाके कुणी नेली?" पत्ते थांबले. स्वयंसेविका श्रीमती बर्निस ट्रुहियो यांनी माझा हात धरून मला खाली बसवले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मिहा, पोरी, त्या खुर्च्या बघ. कुणाचं तोंड फळीकडे आहे का? बावीस वर्षं मी त्या फळीकडे पाठ करून लावतेय. तिथून उचलणारा माणूस भरल्या पंगतीतून उठून जातो. तू त्याला पंगतीतच उभं करतेस?"

खुर्च्या तशा आहेत हे मी त्याआधीही पाहिले होते. तलाव दिसावा म्हणून तशा ठेवल्या असतील, असे मला वाटले होते.

तरीही दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्यासाठी अर्ज केला. आपण तो खासगीपणाच्या नियमावर बोट ठेवून नाकारलात. मग मी आमच्यासारखी सहा नटांची चाके कोणकोणत्या ट्रेलरांना आहेत ते पाहत फिरले. काहींनी उन्हापासून बचाव म्हणून टायरांवर पांढरी कापडे घातली होती, ती उचलल्याशिवाय दिसेना, म्हणून आडवी पडले. जागा क्र. ३१ चे श्री. ओकोन्स्की आपल्या खुर्चीतून म्हणाले, "काय गं, कोंबडी हरवली की नवरा?" मी म्हटले, टायर. ते म्हणाले, "मग वर बघून विचार की. खाली पडून विचारलेल्याला माझ्या टायरला उत्तर देता येत नाही." आपल्याकडे तक्रार त्यांनी केली असेल तर ती योग्यच केली. मला माझी चाके सापडली नाहीत. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी मला येताना पाहिले असणार, आणि बाहेर येण्याऐवजी आत जाऊन दार लावले असणार, असे आता वाटते.

५. श्रीमती ट्रुहियो यांना मी विचारले, तुम्हाला माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "माहीत असलं तरी सांगणार नाही, आणि नसलं तरी तेच सांगेन." मग उपाय विचारला. त्या म्हणाल्या, "फळीवरची चूक फळीवरच दुरुस्त कर."

त्यातून वडिलांना सुचले की आपली नवी चाके काढून फळीवर ठेवावीत आणि खाली लिहावे, 'जुनी चार ठेवा, ही न्या, नाव नको'. रिमसकट असल्यामुळे कुणालाही दुकानात जावे लागणार नाही, जॅक आणि पाना पुरेल. जॅक लावून वडील चारही चाकांचे नट सैल करू लागले. मी त्यांना थांबवले. मी म्हटले, "डॅडी, आधी दोनच ठेवू. प्रतिसाद कसा येतो ते पाहू." वडील म्हणाले, "हा काय प्रयोग आहे का?" मी म्हटले, हो, तसाच समजा. पाटीवर चारच्या जागी दोन लिहिले. महोदया, तो प्रयोग नव्हता. जुनी न ठेवताच कुणी नवी नेली तर निदान दोन तरी आपल्याकडे राहतील, असा तो हिशेब होता. माझे शिक्षण मी त्यावर पांघरूण म्हणून घातले.

६. रविवारी, दि. १६ रोजी, 'फादर्स डे'निमित्त मांडवात धिरड्यांचा नाश्ता होता. या वेळी मीही फळीकडे पाठ करून बसले. परत गेलो तेव्हा दोन नवी चाके गेली होती आणि दोन जुनी आली होती. आलेली चाके धुतलेली होती. नटांच्या खाचांतली धूळसुद्धा काढलेली होती. माझी खडूची अक्षरे तेवढी पुसली नव्हती. त्यांच्याभोवतीने धुतले होते.

दोन मागितली, दोन दिली. त्या माणसाने पाटीचा शब्द तंतोतंत पाळला. पाटीवर चार असते तर चार आली असती.

आलेल्या चाकांपैकी एकाच्या आतल्या कडेला लिंबाएवढा फुगवटा आहे. तिरपी खूण दोन्हींपैकी एकावरही नाही. म्हणजे गरम होणारे, मागचे उजवे चाक अजून बाहेर आहे, आणि त्याच्या बरोबरचे एक. आम्ही लगेच आमची उरलेली दोन काढून फळीपाशी नेली. तोवर सुटीचे लोक निघाले होते. दुपारपर्यंत अकरा ट्रेलर गेले. फाटकाशी उभी राहून मी प्रत्येकाची चाके पाहू शकले असते. श्रीमती ट्रुहियो पलीकडे उभ्या होत्या. मी फाटकाकडे गेले नाही. ते बरोबर केले की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. हा अर्ज मुख्यतः त्यामुळे आहे.

७. तेव्हापासून ती दोन चाके फळीपाशी उभी आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही. आमचा ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर आहे, त्यामुळे आपण आज आदेश दिलात तरी आम्हाला तो पाळता येणार नाही. यात आडमुठेपणा नाही. आई म्हणते, "इतकी वर्षं म्हणत होते एका जागी राहू या. ठोकळ्यांवर म्हणाले नव्हते." वडील हसत नाहीत. रोज सकाळी ते उठून चाकांच्या रिकाम्या जागी हात लावून येतात.

८. तरी माझी विनंती अशी :

रविवारी गेलेल्या अकराही कुटुंबांना आपल्या कार्यालयातून पुढील संदेश पाठवावा. एकालाच पाठवू नये, सर्वांना सारखाच पाठवावा : 'ला गार्सा तळावरच्या फळीवरून आलेले कुठलेही टायर वापरू नका. ते देणाऱ्यांनी चुकीचे लिहिले होते. वाटेत असाल तर थांबा. दोन चांगली चाके तुमच्यासाठी तयार आहेत. जवळच्या कुठल्याही उद्यानाच्या फाटकाचे नाव कळवा, तिथे पोहोचतील. जुनी तिथेच ठेवा. नाव विचारले जाणार नाही.'

दोन दिवसांत कुणाकडून काही कळले नाही, तर कॅमेऱ्यातील छायाचित्रे आपण एकट्याने पाहावीत, त्या व्यक्तीला आपण स्वतः फोन करावा आणि आम्हाला काहीही सांगू नये. 'पोहोचली' एवढा एक शब्द पुरे. नंतर ती छायाचित्रे पुसून टाकावीत.

श्रीमती ट्रुहियो यांना या बाबतीत काही विचारू नये.

ती दोन चाके जाईपर्यंत आम्हाला जागा क्र. २३ वर ठोकळ्यांवर राहू द्यावे. ही जागा कुणी आधी राखून ठेवली असेल तर आम्हाला कचऱ्याच्या पेट्यांमागे हलवावे. ट्रॅक्टरने ओढून घेण्यास आमची हरकत नाही. फळी आपण बंद करू नये. दोष फळीचा नाही.

चाकांवर या वेळी काय लिहावे यावर मी बराच विचार केला. किती मैल चालली, कोणत्या आठवड्यात बनली, ताकद किती, सगळे लिहिता येण्याजोगे होते आणि सगळे खरे होते. शेवटी दोन्हींवर एवढेच लिहिले आहे : 'ही आमच्या ट्रेलरखालून काढली आहेत.' ज्यांच्यासाठी ती आहेत त्यांना यापेक्षा जास्त सांगण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून, जागा क्र. २३ वरून,

(सही)
कोरा लिंडक्विस्ट
बुधवार, दि. १९ जून २०२४

सोबत :
१) स्टेपनीचा कापलेला तुकडा. पाकिटात मावत नसल्याने कार्यालयाच्या पायरीशी ठेवला आहे.
२) निवडलेल्या घेवड्याची एक पिशवी. दुकानातून आणून मी निवडली आहे. पहिल्यासारखी जमली नाही, एखादा खडा राहिला असेल. चाके पाठवाल तेव्हा त्यांच्याबरोबर द्यावी.