बारावीच्या वर्गात अप्पांचा आवाज

अप्पा,

आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तहसीलसमोरच्या सगळ्या टपऱ्या उन्हात पेंगत होत्या, शेजारच्या एसटीडी बूथमधला पंखा तेवढा कुरकुरत होता. मी टाइपरायटरची रिबन बदलत बसलो होतो. समोरून दोन वेण्या घातलेल्या पोरी गेल्या, सिस्टरांच्या शाळेतल्याच असाव्यात, आणि त्यातली एक दुसरीला म्हणाली, "आधी डावी बाजू सोडव ना, मग उजवी." एवढंच बोलून त्या कोपऱ्यावर वळल्या. माझ्या बोटांची काळी शाई पुसायची तशीच राहिली आणि मी त्या वर्गात जाऊन उभा राहिलो, तुमच्या डाव्या हाताला, फळ्याकडे पाठ करून. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय निघाला तर आईही हसत बोलते. पण त्या वर्गाबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. म्हणून कागद घेतला.

शाळा मला आठवते ती नेहमी दुपारचीच. गावाबाहेरच्या माळावर उंच दगडी कुंपण, आत कडुनिंबाची रांग, छोटं पांढरं चर्च, त्यामागे वसतिगृह आणि वाळत घातलेल्या ओढण्या. चर्चची बाराची प्रार्थनेची घंटा झाली की सगळी शाळा जिथल्या तिथे थांबायची. पाण्याच्या टाकीजवळची पोरगी ओंजळ धरून थांबायची, जिन्यातली जिन्यातच. लहानपणी तुमचा डबा द्यायला येताना मीही फाटकातच पाय जुळवून उभा राहायचो, कुणी सांगितलं नव्हतं तरी. कॉलेजला जाण्याआधीची दोन वर्षं, अकरावी-बारावी सायन्स, तिथं सुरू झाली ती तुमच्या जिवावर. त्या कुंपणामुळेच केजपासून आष्टीपर्यंतचे बाप निर्धास्त होऊन पोरींना तिथं ठेवायचे. तुम्ही तिथले एकटे पुरुष मास्तर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात सदऱ्याआड इष्टलिंग, आणि तुमच्या डोक्यावर भिंतीवरचा लाकडी क्रूस. धाकटे काका घरच्या दुकानाच्या गादीवरून म्हणायचे, "आमच्या अण्णानं वजनकाटा सोडून बायकांच्यात मास्तरकी धरली." तुम्ही हसून म्हणायचात, "तिथं बी समतोलच साधायचा असतो."

आणि शाळेचा नियम होता की पुरुष शिकवत असेल तर शेवटच्या बाकावर एक सिस्टर बसलीच पाहिजे. तुमच्या तासाला त्या केरळच्या म्हाताऱ्या सिस्टर बसायच्या, हातात लोकरीचं काही ना काही विणकाम. तुम्ही रजेवर गेलात तर त्यांनाही सुट्टी मिळाल्यासारखं व्हायचं, असं त्याच सांगायच्या.

मी मात्र तुमच्या हाताखाली शिकलो नाही. मुलांच्या शाळेत होतो आणि दहावीला गणितात गेलो. भाषेत चांगले मार्क होते, शुद्धलेखनाला तर गुरुजींनी शाबासकी लिहिली होती, पण गणिताच्या पुढे तांबडी रेघ. गावात पोरं म्हणायची, "बाप गणिताचा मास्तर आन् पोरगं गणितातच आपटलंय बे." तुम्ही ओरडला नाहीत. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसून होता, आणि ताट पुढं ओढत म्हणालात, "गणित न आलेलं चालतंय. पण मी समजावून सांगताना तू मान हालवत होतास. न समजता मान हालवू नको बाबा. त्यानं सांगणारा फसतो." त्यानंतर मी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागलो. तुमच्यासमोर बसलो की माझी मान ताठ व्हायची, हलेल या भीतीनं.

तुमचा आवाज गेला तो त्या पोरींच्या बारावीच्या वर्षात, संक्रांतीच्या सुमाराला. आधी बसला, मग चिरका झाला, मग नुसती हवा. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घशावर बोट ठेवून सांगितलं, बोलणं बंद. इंटिग्रेशन अर्धं राहिलं होतं. त्या वर्षी पोरींमध्ये इंजिनिअरिंगचं वारं शिरलं होतं. नव्या कंपन्या येणार, कॉम्प्युटर येणार, असं जो तो बोलत होता, आणि लिंबागणेशच्या एका उंच पोरीच्या घरी तर ठरलंच होतं की गणितात चांगले मार्क पडले तर औरंगाबादला पाठवायचं, नाहीतर पाहुणे बघायचे. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टर दुसरे सर बघतो म्हणाल्या. तुम्ही घरी येऊन आईशी कुजबुजत भांडलात.

"कावून जिवावर उठलाव स्वतःच्या?" आई म्हणाली. "येऊ द्या की दुसरा मास्तर."

"नवा आला की पयल्यापासून सुरू करणार. परीक्षा दारात हाय. फळ्यावर मी लिवतो. बोलायला हा हाय की." तुमचं बोट माझ्याकडं होतं.

"मी? अप्पा, मला त्यातलं काय येतंय?"

"येत न्हाई तेच बरं हाय. ज्याला येतंय तो मधी आपलं घालतो. मी म्हणतो तेवढं म्हण."

मोठ्या सिस्टर चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "सर, तुमचा मुलगा तरुण आहे. आणि ही मुलींची शाळा आहे." तेव्हा म्हाताऱ्या सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "मी आहे ना मागे. आतापर्यंत एकावर नजर होता, आता दोघांवर ठेवेल." असं म्हणून त्यांनी लोकरीचा गुंडा काखेत मारला आणि आमच्या पुढं चालू लागल्या.

पहिला दिवस. मी इस्त्रीचा शर्ट घातला आहे आणि जमिनीवरच्या फरशा बघत उभा आहे. समोर पांढऱ्या सलवार-कमीजमधल्या पोरी, खोबरेल तेलाचा वास, कुणीतरी चिंच चोखतंय त्याचा बारीक आवाज. तुम्ही फळ्यावर लिहिता, मागं सरकता, तुमचे ओठ माझ्या कानाशी येतात आणि मी ते जसंच्या तसं म्हणतो. एकही अक्षर पडू नये म्हणून जीव कानात गोळा झालेला. तुम्ही म्हणता, मी म्हणतो. तुम्ही म्हणता, मी म्हणतो. मग तुम्ही म्हणता, "पाणी दे." आणि मी खणखणीत आवाजात वर्गाला सांगतो, "पाणी दे."

पहिल्या बाकावरची पोरगी बाटली घेऊन उठली. "कुणाला, सर?"

तुम्ही कपाळाला हात लावून कुजबुजलात, "आरं गाढवा, मला पायजे."

तेही मी जसंच्या तसं म्हटलं. सगळा वर्ग बाकावर आडवा पडला. शेवटच्या बाकावर विणायच्या सुया खाली पडल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून माझं नाव रेडिओ. मी व्हरांड्यातून चाललो की लिंबागणेशची ती उंच पोरगी कुणालाच उद्देशून नाही अशा थाटात म्हणायची, "स्टेशन नीट लागलंय का गं आज?" आणि दुसरी म्हणायची, "लई खरखर हाय बाई." मी मान खाली घालून चालायचो, पण खरं तर मला ते आवडू लागलं होतं.

पुढचे आठवडे मला सलग आठवत नाहीत. पाण्याखालून बघितल्यासारखे दिसतात. खिडकीतून येणारं ऊन आणि त्यात तरंगणारी खडूची भुकटी. जर्नलवर सह्या घ्यायला प्रयोगशाळेबाहेर लागलेली रांग. पहाटेच्या स्टडीला लाईट गेल्यावर कंदिलाच्या काचा पुसून काळी झालेली नाकं, ती दुपारी वर्गात येईपर्यंत कुणी कुणाला सांगायचं नाही, ही त्यांची गंमत. प्रार्थनेचं गाणं लांबून यायचं, शब्द कळायचे नाहीत. आणि या सगळ्यात मी बोलत असायचो, ज्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं काहीतरी, आणि तीस-चाळीस डोळे माझ्याकडे बघत तुम्हाला ऐकत असायचे. माझ्या तोंडाला तुमच्या वाक्यांची सवय लागत गेली. कुठं श्वास घ्यायचा, कुठं थांबून फळ्याकडे बघायचं, "बरं" हा शब्द कधी म्हणायचा, ते न सांगता कळू लागलं. घरी जाताना तुम्ही सायकल हातात धरून चालायचात. मला वाटायचं, आता विचाराल, काही डोक्यात शिरतंय का? तुम्ही विचारलं असतंत तर मी काय सांगणार होतो? तेवढ्याच भीतीनं मी अर्धं पाऊल मागं चालायचो.

मग तो वक्राखालच्या क्षेत्रफळाचा दिवस. तुम्ही फळ्यावर नदीसारखी वाकडी रेघ काढली आणि माझ्या कानात म्हणालात, समजा शेताची एक बाजू ओढ्याला लागून हाय, बांध सरळ न्हाई, मग मोजायचं कसं? मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, उभ्या पट्ट्या पाडायच्या. मी म्हटलं. तुम्ही खडूनं पट्ट्या पाडू लागलात, पाठमोरे, आणि मला ते शेत दिसलं. ओढा दिसला, पट्ट्यांच्या टोकाशी उरलेले तुकडे दिसले. माझं तोंड आपोआप उघडलं. "पट्ट्या जितक्या बारीक करू, तितकी वर उरणारी जागा कमी होत जाईल."

तुमचा हात फळ्यावरच थांबला. तुम्ही हे अजून म्हटलेलं नव्हतं. मी घाईनं तुमच्याकडे कान केला. तुमचे ओठ मिटलेले. मग ते हलले, "बोल की पुढं."

आणि मी वर्गाला म्हणालो, "बोल की पुढं."

हसण्याचा जो लोंढा आला त्यात ते सगळं वाहून गेलं. तुम्ही खोकत खुर्चीवर टेकलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. नंतर तुम्ही नेहमीसारखं पुढचं वाक्य दिलंत, मी घेतलं. फक्त त्या दिवशी घरी जाताना तुम्ही सायकल थांबवून मला बरोबरीनं येऊ दिलंत.

पोर्शन संपला. बोर्डाच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरींना निरोप द्यायची त्यांची पद्धत तुम्हाला आठवत असेल. हॉलमध्ये अंधार करायचा, शिकवणाऱ्या प्रत्येकानं आपली मेणबत्ती लावून दोन शब्द बोलायचे आणि मग मुलींनी त्या ज्योतीवर आपापली मेणबत्ती पेटवायची. आपली पाळी आली. तुम्ही मेणबत्ती धरली, मी शेजारी. तुम्ही म्हणालात, मी म्हणालो: सोपी गणितं आधी सोडवा. मी म्हणालो: हात थरथरला तर पेन खाली ठेवा, थोडं थांबा. मी म्हणालो: मार्क कमी पडले तरी मला येऊन भेटा. ज्योतीच्या उजेडात तुमच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "यंदा गणित मी न्हाई शिकवलं. माझ्या पोरानं शिकवलं."

हॉल वाट बघत होता. म्हाताऱ्या सिस्टरांनी मान पुढं काढली. माझ्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं होतं, आणि मी म्हणालो, "सर म्हणतात, सकाळी उपाशीपोटी जाऊ नका." तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. रागावला नाहीत. मेणबत्ती पुढं केलीत आणि पोरी एकेक करून येऊ लागल्या.

ती उंच पोरगी औरंगाबादला गेली. तुम्ही दिवाळी बघितली नाहीत. तुमच्या दिवसांना त्या सगळ्या कॉलेजातून बसनं आल्या होत्या, आईच्या भोवती बसल्या, आणि त्यातली एक मला म्हणाली, "सर शेवटी अजून काहीतरी म्हणाले होते ना? आम्ही पाहिलं." मी म्हणालो, नीट ऐकू आलं नाही. आईलाही तेच सांगितलं. आणि स्वतःला समजावलं की ते वाक्य खरं नव्हतं, मला त्यातलं फार थोडं समजलं होतं, मग न समजता मान हलवल्यासारखंच झालं असतं.

हे लिहून झालं की कागद ड्रॉवरमध्ये जाईल. पाठवायचा कुठे? पण तुमच्याशी खोटं बोलायला नको. मी तेव्हा घाबरलो नव्हतो, लाजलोही नव्हतो. तुमचं प्रत्येक वाक्य मी मुलींना देऊन टाकत होतो, अप्पा. ते एक मला हवं होतं.