सम्यकचे पंखे

प्रिय प्रितेश,

लहूकाकांना मी रिकाम्या हाताने परत पाठवलं, हे एव्हाना तुला कळलंच असेल. तुझे बाबा त्या दिवशी कोळीवाड्यातून भर उन्हात चालत आले, वॉचमनला विचारत विचारत लिफ्टने वर पोचले आणि पिशवीतले सुके बोंबील ओट्यावर ठेवून म्हणाले, "पोरी, सम्यकची ती पेटी दे. प्रितेश हर्णैला वाट बघतोय." मी सांगितलं, चावी सापडत नाही. चावी माझ्या पर्समध्ये होती. ते अर्धंच पाणी प्यायले आणि उठले. मग तुझा फोन आला. "ताई, माझ्यावर विश्वास नाही का?" एवढंच तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर देणं मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसले.

तू हर्णैला वर्कशॉप टाकलंस, सम्यकच्या नावाने पंखे बनवायचं ठरवलंस, याचं मला बरंच वाटलं होतं. त्याचं काम त्याच्यानंतर तुलाच माहीत. रेसच्या त्या रिमोटवर चालणाऱ्या हातभर बोटी तू बांधायचास आणि पाण्याखाली फिरणारा अंगठ्याएवढा पंखा सम्यकचा. बाजारातला पंखा सगळ्यांना सारखाच. सम्यक आधी विचारायचा, बोट केवढी, इंजिन कुठलं, वळणावर नाक उचलते का. मग पातं ठोकळ्यावर ठेवून पकडीने त्याला केसभर पीळ द्यायचा. पीळ वाढला की एका फेरीत बोट जास्त पुढे जाणार, फारच वाढला तर इंजिन दमणार. 'पिच, पिच' करत तुम्ही दोघं भांडायचात ते या पिळावरून, हे मला फार उशिरा कळलं. बीडीडी चाळीतल्या आमच्या खोलीत आईच्या शिलाई मशीनचं टेबल त्याने केव्हाच बळकावलं होतं. डिलाईल रोडच्या टूलरूममधली नोकरी करून घरी आला की चहासुद्धा त्याच टेबलावर.

पनवेलपलीकडच्या तलावावरची ती रेस तुला आठवत असेल. तुमची निळी बोट पहिल्या वळणाला सगळ्यांच्या मागे होती, आणि सरळ पट्ट्यात अशी सुटली की चेन्नईहून आलेला तो जाडा गृहस्थ खुर्चीतून उठून उभा राहिला.  सम्यक तुझा दंड घट्ट धरून नुसता बघत राहिला. तू आणलेल्या नव्या धातूचा तो पहिला पंखा. साधं पितळ त्या वेगाला टिकत नव्हतं, पात्यांचा पीळ सुटायचा. हे सोनेरी ओतीव तांबं दिलेला पीळ सोडतच नव्हतं. त्यानंतर कोलकात्यापासून कोचीपर्यंत सगळ्यांना तेच पंखे हवेसे झाले. सम्यक रोज संध्याकाळी पाती घासून धार काढायला बसायचा, खिडकी लावून. शेजारच्या मीराबाईंना घासायच्या मशीनची घरघर सहन व्हायची नाही ना.

खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही हवेला नावं ठेवली. मग डॉक्टरांनी टीबी सांगितला. बेडक्यात काही सापडलं नव्हतं, पण एक्स-रे तसाच दिसत होता, आणि आपल्याकडे दुसरं काय कोणाच्या मनात येणार? औषधं संपली, खोकला संपला नाही. पुनर्विकासाच्या टॉवरमधल्या नव्या घराची चावी मिळाली त्या दिवशी अख्खी चाळ नाचत होती. बाबासाहेबांचा फोटो सम्यकनेच आत न्यायचा, असा आईचा हट्ट. तो फोटो छातीशी धरून तो दारातून हॉलपर्यंत आला आणि मध्येच भिंतीला टेकला. लोकांना वाटलं, भरून आलंय. त्याला श्वास घेता येत नव्हता.

शेवटी मोठ्या हॉस्पिटलात आरोही नावाच्या एका तरुण डॉक्टरने विचारलं, "नोकरीशिवाय आणखी काय करता?" प्रितेश, कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला. हाताने हवेत पाती काढून त्याने तिला पिळाची सगळी गंमत सांगितली. तिने धातूचं नाव विचारलं. "बेरिलियम कॉपर, मॅडम. भारी असतं," तो म्हणाला. ती लिहिता लिहिता थांबली. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तो टीबी नव्हताच. हा धातू घासताना उडणारी बारीक धूळ श्वासातून आत जाते. सगळ्यांना नाही, पण काहींना ती बाधते, आणि काही वर्षांनी फुप्फुसात गाठी दिसायला लागतात. औषधाने वेळ मिळतो, फुप्फुस परत मिळत नाही.

त्या संध्याकाळी वॉर्डात त्याने माझा हात धरला. "ताई, प्रितेशला हे कळता कामा नये. धातू त्याने आणलेला. जन्मभर स्वतःला खात बसेल." मी हो म्हटलं. तू डब्यात सरंग्याचं कालवण घेऊन यायचास, आणि तो तुला हसून सांगायचा, "टीबीच आहे रे, जरा हट्टी निघाला." वरळीच्या स्मशानात तू त्याला खांदा दिलास तेव्हाही मी गप्प राहिले.

आज मी त्याला दिलेला शब्द मोडते आहे. पेटीत त्याच धातूचे ओतीव पंखे आहेत, म्हणून ती तुला मिळणार नाही. तुझ्याकडचं मशीन हे वाचल्या वाचल्या बंद कर. ती खोली झाडू नकोस, दार लावून ठेव, आणि पहिल्या गाडीने मुंबईला ये. पण एकटा येऊ नकोस, दीपिकाला घेऊन ये. लग्नापासून तुझे कामाचे कपडे तीच धुते ना? मी जन्मात एकही पंखा घासला नाही, प्रितेश. मी सम्यकचे कपडे गॅलरीत झटकायचे आणि धुवायचे, एवढंच. मागच्या आठवड्यात माझा रिपोर्ट आला. त्याच गाठी आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर आरोहीला मी तुम्हा दोघांची नावं देऊन ठेवली आहेत. उतरायला माझ्याकडेच या. माझ्यावर रागवायचं असेल तर इथे येऊन रागाव, पण ये.

तुझीच,
संघमित्राताई